आज रोख, उद्या उधार

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात की लगेच रिक्षा धरू नका. आधी पाण्याची बाटली घ्या, एक लिटरची. दुकानदाराच्या डोक्यावर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, रंग उडालेली पत्र्याची पाटी आहे: आज रोख, उद्या उधार. आता सगळे फोन पुढे करून पैसे देतात, उधारी मागतो कोण? तरी पाटी कोणी काढलेली नाही. ती नीट वाचून घ्या. उद्या आलात तरी तिच्यावर हेच लिहिलेलं असेल, परवाही हेच, आणि म्हणून ती कधीच खोटी ठरत नाही.

पाणी पिऊन टाका. रिकामी बाटली मात्र फेकू नका, तिचं काम पुढे आहे.

शेअर रिक्षा पास्थळ, कुरगाव मागे टाकत निघते. वाटेत वास बदलत जातो. आधी एमआयडीसीचा, नाकात चरचरणारा. मग वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांचा. आणि तारापूरची खाडी ओलांडून चिंचणीला पोचलात की नुसता खारा वारा. सुरूच्या झाडांखाली चपला काढा. दक्षिणेकडे बघितलंत तर किनाऱ्याच्या टोकाला अणुवीज प्रकल्पाच्या इमारती धुरकट दिसतील. घोटाभर पाण्यात उतरा, बाटली गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट लावा.

या लिटरभर खाऱ्या पाण्यात सुमारे ३३ मिलिग्रॅम ड्यूटेरियम आहे, म्हणजे जड हायड्रोजन. पाण्यातल्या दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक या जातीचा निघतो. हे सगळे अणू एकमेकांत मिसळवून त्यांची पूर्ण ऊर्जा काढता आली, तर ती सुमारे ३०० लिटर पेट्रोलइतकी भरेल. हिशेब कागदावरचा आहे. पण कागदावरच्या हिशेबांनीच माणसं वेडी होतात. या किनाऱ्यावर जमिनीचे व्यवहार करणारा कुठलाही दलाल तुम्हाला हे सांगेल.

ओहोटी लागली आहे. इथला समुद्र मागे जातो तो फार लांब जातो. मघाशी लाटा होत्या तिथे आता ओली वाळू आणि खेकड्यांची बिळं. पाणी सरेल तसे तुम्हीही मागे सरा.

पाय पडतो तो थेट जिनिव्हाच्या गुळगुळीत फरशीवर. ८ ऑगस्ट १९५५. अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद आज सुरू होते आहे आणि अध्यक्षपदी होमी भाभा आहेत, वय ४५. मागच्या रांगेत बसा, बाटली मांडीवर धरा. युरेनियमसारखा जड अणू फोडून मिळणाऱ्या ऊर्जेबद्दल, म्हणजे विखंडनाबद्दल, सगळेच बोलणार आहेत. त्यासाठीच तर सगळे जमले आहेत. भाभा एक पाऊल पुढे टाकतात. हलके अणू एकत्र आणून, सूर्य करतो तसं, ऊर्जा काढण्याची रीत, म्हणजे संमीलन, येत्या दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल, असं भाकीत ते करतात. तसं झालं की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटला, कारण इंधन समुद्रातल्या जड हायड्रोजनइतकं मुबलक असेल, असंही म्हणतात.

तुमचा हात आपोआप बाटलीवर जातो.

आसपासच्या चेहऱ्यांकडे बघा. हायड्रोजन बॉम्बचा मार्ग अमेरिकेला १९५२ मध्येच सापडला आहे, तेव्हा अणू मिसळले की काय होतं याची शंका कोणालाच नाही. अडचण आहे ती हेच काम सावकाश, रोज, चुलीसारखं करण्याची. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया त्यावर गुपचूप काम करताहेत आणि त्यांच्या माणसांना इथे त्याचा शब्द काढायची मुभा नाही. बोलला कोण, तर ज्याच्या देशात अजून एकही अणुभट्टी पेटलेली नाही असा माणूस. ‘अप्सरा’ तुर्भ्याला पुढच्या वर्षी सुरू व्हायची आहे.

याच वर्षी इंग्लंडात हार्वेलला जॉन लॉसन नावाचा इंजिनिअर एका गोपनीय अहवालात गणित मांडतो. ते समजायला तुम्हाला इंग्लंडात जायची गरज नाही. हिवाळ्यात पालघर-डहाणूकडे होणारी उकडहंडी आठवा. मडक्यात कंद, वालपापडी आणि मसाला भरायचा, तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. आच हवी, आतला माल दाटीने भरलेला हवा आणि आच पुरेसा वेळ टिकायला हवी. तिन्हीपैकी एक कमी पडलं तर कंद कच्चे. लॉसनचं म्हणणं हेच, फक्त आच कोट्यवधी अंशांची आहे आणि ती सोसेल असं मडकं जगात कुठल्याच कुंभाराकडे नाही. सूर्याला मडकं लागत नाही, त्याचं अवाढव्य वजनच सगळं आत दाबून धरतं. ते वजन आपल्याकडे नसल्यामुळे इथे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट तापवावं लागतं: १५ कोटी अंश सेल्सिअस. इतक्या तापाला अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा होतो. आपल्या विश्वकोशाने त्याला ‘आयनद्रायू’ असं नाव दिलं आहे. शब्द चांगला आहे, पण तो उच्चारेपर्यंत पुष्कळ प्रयोगांतला प्लाझ्मा विझून जाईल.

परतताना १९५८ च्या जानेवारीत एकदा मान वळवून बघा. हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्राने संमीलन साधलं, अशी बातमी ब्रिटनने वाजतगाजत दिली आहे. मे महिन्यात कळतं की मोजलेले न्यूट्रॉन भलत्याच कारणाने आले होते. बारसं झालं, पाळणा रिकामाच.

पुन्हा ८ ऑगस्ट, पण १९६३ चा आणि वॉशिंग्टनमधला. भाभांच्या भाकिताला आज बरोबर आठ वर्षं झाली. भारत आणि अमेरिका एका करारावर सह्या करताहेत: तारापूरला अणुवीज केंद्र उभारायचं, इंधन तीस वर्षं अमेरिकेने पुरवायचं. पुढच्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकशी ठेका होतो, बांधून पूर्ण करून किल्ली हातात द्यायची अशा बोलीचा.

तारापूरच का, हे किनाऱ्यावर उभं राहिलं की उमगतं. कोळशाच्या खाणी इथून फार लांब आहेत. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला गुजरात, दोघांना वीज हवी. यंत्रं थंड करायला समुद्र दाराशी. १९६४ मध्ये इथे उभे राहा: ताडी-माडाची झाडं, भाताची खाचरं, संध्याकाळी कंदील. तारापूरच्या किल्ल्याने परकी तंत्रं पूर्वीही पाहिली आहेत. जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगीजांच्या तोफांपुढे चिमाजी आप्पांची फौज याच तटाला भिडली आणि त्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर इथेच पडले. यावेळी परकी माणसं आली ती निमंत्रणाने, नकाशे आणि क्रेन घेऊन.

ते काम पुरं झालेलं भाभांना बघायला मिळालं नाही. २४ जानेवारी १९६६ ला त्यांचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं.

१९६९ मध्ये मात्र चांगला मुक्काम करा, हे वर्ष दोनदा बघण्यासारखं आहे. फेब्रुवारीत तारापूरच्या दोन्ही भट्ट्यांमधली साखळी अभिक्रिया सुरू झाली. तुम्ही किनाऱ्यावरून बघताय, त्यामुळे तुम्हाला काहीच दिसत नाही; अणुभट्टी पेटते तेव्हा बाहेर नगारा वाजत नाही. आत युरेनियमच्या कांड्यांभोवती पाणी उकळतं, त्याची वाफ चक्क टर्बाइनवर जाते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण जे उडवतं तेच इथे वीज करतं, मधला विस्तव तेवढा वेगळा.

आता बाटलीसकट मॉस्कोला चला. कुर्चातोव्ह संस्थेच्या आवारात पाच इंग्रज शास्त्रज्ञ खोकी उघडताहेत, काही टन सामान आहे. शीतयुद्ध ऐन भरात आहे, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरून वर्षही उलटलेलं नाही, आणि हे ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेतले लोक थेट त्यांच्या घरात लेझर घेऊन आले आहेत. कारण गेल्या ऑगस्टमध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितलं, की आमच्या ‘टी-३’ यंत्रातला प्लाझ्मा एक कोटी अंशांच्या घरात तापला आहे. पश्चिमेकडच्यांना ते खरं वाटेना. झीटाचं दूध अजून तोंडाला पोळत होतं. आर्त्सिमोविच म्हणाले, मग या आणि तुम्हीच मोजा.

यंत्राचं नाव टोकामॅक. त्याचा आकार ओळखीचा आहे. पाटी डोक्यावर घेण्याआधी कोळीण फडकं पिळून गोल करते आणि डोक्यावर ठेवते, ती चुंबळ. तशीच पोकळ चुंबळ धातूची करायची आणि तिच्याभोवती चुंबकांची वेटोळी घालायची. आतला प्लाझ्मा विद्युतभारित असल्याने चुंबकाच्या ओढीने गोल गोल फिरत राहतो आणि भिंतीला शिवत नाही. मडकं मिळत नव्हतं, तर न दिसणारं मडकं केलं.

इंग्रजांनी प्लाझ्मात लेझर सोडला, विखुरलेला प्रकाश मोजला. रशियन खरं बोलत होते. हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आला १ नोव्हेंबर १९६९ ला. तारापूरची व्यापारी वीज सुरू झाली २८ ऑक्टोबर १९६९ ला. मध्ये फक्त चार दिवस. त्या आठवड्यात बोईसरच्या एखाद्या इंजिनिअरने दोन्ही बातम्या वाचल्या असत्या, तर आपण जुनी गाडी सुरू करतोय आणि नवी मागून येतेच आहे, असं त्याला वाटलं असतं. जुलैत माणूस चंद्रावर जाऊन आला होता; वीस वर्षांत सूर्य मडक्यात धरू, हे ऐकून कोणी हसलं नसतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनवाल्यांनी तर आपलं यंत्र मोडून पुढच्याच वर्षी त्याचा टोकामॅक केला.

१९ जानेवारी १९७० ला इंदिरा गांधी तारापूरला येतात आणि प्रकल्प राष्ट्राला अर्पण करतात. तुम्ही गर्दीत मागे उभे. तारा वरून मुंबईला आणि गुजरातला जातात.

१९७५ मध्ये भाभांचा शब्द तपासायला थांबा. दोन दशकं भरली. थिएटरात ‘शोले’ लागला आहे, देशात आणीबाणी आहे, आणि संमीलनाची वीज जगात कुठेही नाही. तारापूरची ‘रोख’ वीजही अडचणीत यायची चिन्हं आहेत. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला आणि अमेरिकेच्या कपाळावर आठी आली. १९७८ मध्ये तिने कायदाच केला आणि इंधन अडकलं. किल्ली हातात होती, पण पेट्रोल दुसऱ्याच्या पंपावर. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं, पुढे चीनने दिलं, रशियाने दिलं, मध्ये आपल्याच लोकांनी प्लुटोनियम मिसळलेलं इंधन करून पाहिलं. तीस वर्षांच्या कराराचं कागदावरचं आयुष्य आणि त्याचं खरं आयुष्य यांतला फरक शिकायला या किनाऱ्यासारखी शाळा नाही.

१९८४ ला पाय ओढत जा, कारण इथे काही भव्य नाही. दोन्ही युनिट २१० मेगावॅटची होती. आता त्यांची क्षमता १६० धरायची असं ठरलं आहे. वाफ तयार करणाऱ्या दुय्यम यंत्रांतल्या नळ्या गळायला लागल्या होत्या, ती यंत्रं बाजूला काढावी लागली. अणू फुटतोच आहे, भौतिकशास्त्र चोख आहे. दगा दिला तो नळ्यांनी.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि चिंचणीच्या कोणत्याही घरात डोकावून घ्या. खिडकीचे गज फुगलेले, स्कूटरचं मडगार्ड चाळणी झालेलं, पंख्यावर पांढरी पूड. मीठ लोखंड खातं, हे इथल्या पोराला बाराखडीआधी कळतं.

१९८९ मध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ नावाचा टोकामॅक चालू होतो. शास्त्रज्ञ प्रेधिमान कृष्ण कौ यांनी अहमदाबादला लावलेलं रोप. आदित्यातला प्लाझ्मा पापणी लवेपर्यंत टिकतो, पण तो आपल्या घरी केलेला आहे. नंतर तिथेच उभ्या राहिलेल्या अतिवाहक चुंबकांच्या ‘एसएसटी-१’चं ध्येय हजार सेकंदांचं होतं, २०१३ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा आला, पण सेकंदाचीही मजल गाठताना दमछाक झाली. २०२५ मध्ये चीनचा ‘ईस्ट’ १,०६६ सेकंदांवर गेला आणि फ्रान्सचा ‘वेस्ट’ १,३३७ वर. आपण मागे पडलो, हे स्पष्ट म्हणायला हवं. अभिमानाचे लेख लिहिणारे आपल्याकडे पुरेसे आहेत.

२००५. पुन्हा दोन तारखा शेजारी येतात. १२ सप्टेंबरला तारापूरचं चौथं युनिट व्यापारी वीज देऊ लागतं: ५४० मेगावॅट, आराखडा आपला, बांधणी आपली, आणि भट्टी जड पाण्याची. तिसरं युनिट मागाहून, पुढच्या ऑगस्टमध्ये. ६ डिसेंबरला भारताला ‘ईटर’मध्ये प्रवेश मिळतो. फ्रान्समध्ये कादाराशला सात भागीदार मिळून महाकाय टोकामॅक बांधणार आहेत. ५० मेगावॅटची आच आत द्यायची आणि ५०० मेगावॅटची बाहेर काढायची. दोन्ही वेळी अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी अनिल काकोडकर आहेत, रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले.

या दोन बातम्यांमध्ये एक गुप्त नळ आहे. जड पाणी म्हणजे तुमच्या बाटलीत जे चिमूटभर आहे तेच ड्यूटेरियम भरून केलेलं पाणी. ते भट्टीत खेळत असताना त्यातल्या काही अणूंना न्यूट्रॉन चिकटतात आणि ट्रिटियम होतं, हायड्रोजनचा आणखी जड भाऊ. भट्टी चालवणाऱ्यांना ती डोकेदुखी: किरणोत्सारी, पाण्यासारखं कुठेही शिरणारं. संमीलनवाल्यांना मात्र त्याचीच तहान. कारण नुसतं ड्यूटेरियम पेटवणं अजून कोणाच्याच आवाक्यात नाही. आजच्या माणसाला जमेल अशी एकच जोडी आहे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. म्हणजे तुमच्या बाटलीत वरणाची डाळ आहे, फोडणीचं सामान नाही. ट्रिटियम साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, साठवून किती दिवस साठवणार? जगातला व्यापारी साठा काही डझन किलोंचा, बहुतेक कॅनडाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतून आलेला. आणि हजार मेगावॅट उष्णतेची संमीलनभट्टी वर्षभर चालवायला सुमारे ५५ किलो लागेल. तेव्हा भट्टीने भोवतीच्या लिथियमच्या वेष्टनात स्वतःचं ट्रिटियम स्वतः करायला हवं. दह्यासारखं आहे: आजच्या दह्यातून उद्याचं विरजण निघालं पाहिजे. तसं पुरेसं विरजण कुठल्याही संमीलनभट्टीत अजून लागलेलं नाही.

वरून त्या जोडीतून निघणारा न्यूट्रॉन प्रचंड वेगाचा असतो आणि त्याला विद्युतभार नसतो. चुंबकाचं न दिसणारं मडकं त्याला अडवत नाही. तो दिसणाऱ्या भिंतीवर जाऊन आपटतो, आणि वर्षानुवर्षं असा मारा खाऊन कोणता धातू शाबूत राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

२००५ सोडण्याआधी थोडं वाकडी वाट करून पोफरण आणि अक्करपट्टीला जा. जुन्या नाही, नव्या. तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी ही दोन गावं किनाऱ्यावरून उठवून आत आणून बसवली. नावं तीच, पण घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसत नाही. पुनर्वसनाची भांडणं कोर्टात गेली. दांडी, उच्छेळी, नवापूरचे मच्छीमार किनाऱ्यावरच आहेत. त्यांना विचाराल तर ते मेगावॅटचं बोलणार नाहीत, बोटीला किती लांब जावं लागतं ते सांगतील. संमीलनाची भलामण करणारे सांगतात की हे सगळं त्यात टळेल. वितळणारा गाभा नाही, हजारो वर्षं सांभाळायचा कचरा नाही. त्यात पुष्कळ तथ्य आहे. पण सूर्य जमिनीवर आणला तरी शेवटी पाणीच उकळायचं आहे, टर्बाइनच फिरवायचं आहे, ते थंड करायला मोठं पाणी लागणार आहे आणि वीज न्यायला मनोरे. तशी जागा शोधायला निघालेला माणूस पुन्हा अशाच एखाद्या किनाऱ्यावर येऊन उभा राहील. उत्तरेला वाढवणच्या बंदरासाठी तो आलाच आहे.

२६ मे २०२०. बोईसरचे कारखाने थंड, कामगार गावाकडे निघालेले, तोंडाला मास्क. त्याच दिवशी कादाराशच्या खड्ड्यात १,२५० टनांचा पोलादी तळ अलगद उतरवला जातो आहे. ईटरला गुंडाळणाऱ्या, ३० मीटर व्यासाच्या शीतपात्राचा हा बुंधा. त्याचे भाग घडवले ते लार्सन अँड टुब्रोच्या हजिऱ्याच्या कारखान्यात. हजिरा म्हणजे सुरत, म्हणजे बोईसरवाल्याला गाडीने दोन-अडीच तास. ज्या किनाऱ्याने १९६४ मध्ये भट्टी किल्लीसकट बाहेरून घेतली, त्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाहून जगाच्या भट्टीचं भांडं जहाजाने बाहेर गेलं. इथे छाती थोडी फुगली तर फुगू द्या. याच वर्षी तारापूरची दोन्ही जुनी युनिट थांबवली गेली, पाणी फिरवणारे मुख्य पाइप बदलायचं मोठं काम होतं. पुन्हा पाइप.

आता २०२२ चा शेवट. जगाने ऐकलेली बातमी ५ डिसेंबरची: कॅलिफोर्नियात लेझरांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा वाटाण्याहून लहान गोळीवर सोडली आणि ३.१५ मेगाज्यूल परत मिळाली. घातल्यापेक्षा जास्त निघालं, पहिल्यांदाच. भाभांना हवा होता तो क्षण. मात्र ते लेझर पेटवायला भिंतीतल्या वायरीतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते; शंभराची नोट मोडून एक रुपया हातात आला तर त्याला धंदा म्हणायचं की शकुन, हे ज्याने त्याने ठरवावं. मी शकुन म्हणेन.

जगाने फारशी न ऐकलेली बातमी त्याआधीच्या पंधरवड्यातली, कादाराशची. ईटरच्या उष्णतारोधक पत्र्यांवर वेटोळ्यांनी बसवलेल्या थंड हेलियमच्या नळ्यांमध्ये तडे सापडले. जोडकामानंतर पत्र्यांवर चांदीचा मुलामा द्यायच्या आधीच्या धुलाईतलं क्लोराइड वेल्डिंगच्या कोपऱ्यांत अडकून राहिलं, आणि त्याने पोलाद कुरतडलं. निर्वात पात्राच्या भागांच्या कडाही नेमक्या मापात जुळेनात. सुमारे २३ किलोमीटर नळ्या संशयात आल्या. क्लोराइड, म्हणजे मिठातला तोच चावरा अर्धा. चिंचणीच्या आजीला त्या नळ्या दाखवल्या असत्या तर ती म्हणाली असती, खारं लागलंय, धुतलं नाहीत नीट.

तुम्ही वाळूवर बसा आणि १९८४ आठवा. दोन्हीकडे दगा दिला तो नळ्यांनी, अणूने नाही. मध्येच ऑक्सफर्डजवळच्या ‘जेट’ टोकामॅकने १९९७ मध्ये १६ मेगावॅट काढून दाखवले होते, आत २४ घालून. बंद व्हायच्या आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच म्हाताऱ्या यंत्राने ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल दिले. अणू मिसळतात, हे आता सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. वाट अडली आहे ती वेल्डरपाशी, फिटरपाशी, सुट्या भागांच्या वेळापत्रकापाशी, विरजणापाशी. वर्तमानपत्रात ‘कृत्रिम सूर्य’ असा मथळा येतो तेव्हा त्यात नळजोडणारा कुठेच नसतो. तारापूरला पन्नासहून जास्त वर्षं जगवलं ते मात्र त्याच जातीच्या माणसांनी, बोईसरच्या वसाहतीतून पाळीच्या बसने जाऊन.

भरती येते आहे, आता पुढे. २०२४ मध्ये ईटरने नवं वेळापत्रक जाहीर केलं: खरं संशोधन २०३४ पासून, ड्यूटेरियम-ट्रिटियमची जोडी पेटवायची २०३९ मध्ये. पहिला प्लाझ्मा २०२५ मध्ये यायचा होता, तो शब्द मागे घेतला. आणि ईटर विजेचा एकही युनिट कोणाला विकणार नाही. ते फक्त होतं का ते बघायचं यंत्र आहे. खासगी कंपन्या याहून लवकरच्या तारखा देताहेत. देऊ देत. आपल्याकडे पाटी आहे.

२०३९ च्या एका संध्याकाळी चिंचणीच्या याच वाळूवर उभे राहा. इथून पुढचं तुमच्या कल्पनेचं. कदाचित उत्तरेला वाढवणची जहाजं दिव्यांच्या माळेसारखी उभी असतील. कदाचित कादाराशहून बातमी आलेली असेल आणि तुमच्या फोनवर कोणीतरी ती सतराव्यांदा पाठवली असेल. वलांडीवर बोंबील असतील. त्यांना सुकायला जो सूर्य लागतो तो तेव्हाही फुकट असेल आणि तेव्हाही संध्याकाळी मावळेल. पाण्याने घोटे ओले झाले की माघारी या.

परतीची डहाणू लोकल बोईसरला येते तेव्हा उभं राहायलाही जागा नाही. उमरोळी गेलं. तुमच्या समोर एक बाई बसली आहे, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा, पायाशी सुक्या मासळीची पिशवी. मुलगा तुमच्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवतो.

“पाणी.”

“अरे नको, खारं आहे ते,” तुम्ही म्हणता.

बाई बाटलीकडे बघते, मग तुमच्याकडे. “समुद्राचं?”

“हो. चिंचणीचं.”

“मग नेताय कशाला?”

पालघर येतं. दारात रेटारेटी होते, कोणाचा तरी कोपर तुमच्या बरगडीत बसतो. बूच कुठेतरी सैल झालं असावं. बोटांवरून दोन थेंब ओघळून मनगटावर सुकतात आणि तिथे पांढरी रेघ उरते. बाई अजून उत्तराची वाट बघते आहे.